विश्लेषण : केसाएवढा थर, हिशेब मात्र हजारो कोटींचा! धातूला मुलामा देणारा उद्योग अर्थव्यवस्थेसाठी इतका महत्त्वाचा का?

गुजरातमधील मोरबी येथील झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ जणांचा मृत्यू झाला. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात एक नोंद होती. पुलाच्या केबलमधील ४९ तारांपैकी २२ तारा दुर्घटनेपूर्वीच गंजलेल्या होत्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत कोसळला. त्याच्या चौकशी अहवालातही कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगबरोबर गंज हे कारण नोंदवले गेले. दोन्ही घटनांमध्ये गंज हे एकमेव कारण नव्हते. मात्र गंज थोपवणारे काम कसे होते, ते कोण करते आणि त्यावर किती खर्च होतो, याकडे देशात फारसे कुणाचे लक्ष नसते. हे काम करणारा उद्योग म्हणजे धातूचा पृष्ठभाग तयार करून त्यावर मुलामा, लेप किंवा रंग चढवणारा उद्योग. तो नेमका किती मोठा आहे, त्याच्यावर काय अवलंबून आहे आणि त्याची किंमत कोण मोजते, याविषयी…

हा उद्योग नेमका काय करतो?

घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती तेव्हा गल्लीत कल्हईवाला येत असे. भांडे तापवून, नवसागर टाकून तो आतून कथलाचा पातळ थर देई. त्यामुळे आंबट पदार्थ पितळेत कळकत नसत. आजचा पृष्ठभाग प्रक्रिया उद्योग हे त्याच कामाचे औद्योगिक रूप आहे. विजेच्या मनोऱ्यांना किंवा रस्त्याकडेच्या संरक्षक कठड्यांना जस्ताचा थर देताना (गॅल्व्हनायझिंग) पोलाद आधी आम्लात धुतले जाते. मग ते जस्त आणि नवसागराच्या संयुगाच्या द्रावणातून काढून सुमारे ४५० अंश सेल्सियस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवले जाते. कल्हईवाल्याचा नवसागर जे काम करायचा, म्हणजे धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकण्याचे, तेच काम तो येथेही करतो.

याशिवाय विजेच्या साहाय्याने निकेल, क्रोम, जस्त, चांदी किंवा सोन्याचा थर देणे (इलेक्ट्रोप्लेटिंग), ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा टणक थर वाढवणे (ॲनोडायझिंग), कोरडी भुकटी फवारून ती भट्टीत भाजणे (पावडर कोटिंग), मोटारीचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेने रंग चढवणे अशा अनेक प्रक्रिया या उद्योगात येतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. पावडर कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा, नटबोल्टवरील जस्ताचा मुलामा ८ ते १२ मायक्रॉनचा, तर चकाकणाऱ्या नळावरील क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी असतो. नळाचे खरे संरक्षण त्या क्रोमखालचा निकेलचा थर करतो.

गंजाचा आर्थिक हिशेब कसा मांडतात?

गंजामुळे होणाऱ्या नुकसानीचा राष्ट्रीय पातळीवरचा एक गाजलेला हिशेब ब्रिटनमध्ये मांडला गेला. टी. पी. होर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७१ मध्ये सांगितले, की गंजामुळे ब्रिटनचे दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे साडेतीन टक्के नुकसान होते. उपलब्ध ज्ञान नीट वापरले, तरी त्यातील सुमारे एक चतुर्थांश नुकसान टळू शकते, असेही समितीने म्हटले होते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा खर्च वर्षाला २७,६०० कोटी डॉलर आढळला. त्याच अभ्यासानुसार गंज रोखण्यासाठीच्या साधनांवर आणि सेवांवर अमेरिकेत सुमारे १२,१०० कोटी डॉलर खर्च होत होते आणि त्यातील जवळपास ९० टक्के रक्कम एकट्या रंग, लेप आणि मुलाम्यांवर जात होती. म्हणजे गंजाविरुद्धच्या लढाईतील मुख्य सैन्य हेच.

‘नेस इंटरनॅशनल’ या संस्थेच्या २०१६ मधील अहवालाने जगाचा आकडा अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक सकल उत्पादनाच्या ३.४ टक्के इतका काढला. भारतासाठी हाच आकडा सुमारे ७,००० कोटी डॉलर, म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या ४.२ टक्के होता. हा हिशेब २०१३ मधील स्थितीवर आधारित आहे. ज्ञात उपाय वापरले, तर यातील १५ ते ३५ टक्के खर्च वाचू शकतो, असे अहवाल सांगतो. भारताच्या बाबतीत ही बचत वर्षाला साधारण एक हजार ते अडीच हजार कोटी डॉलरच्या घरात जाते.

येथे एक मेख आहे. गंजलेला पूल पाडून नवा बांधला, की तो खर्च सकल उत्पादनात जमा होतो. सिमेंट विकले जाते, पोलाद विकले जाते, कंत्राटदाराला काम मिळते. चांगल्या लेपामुळे जुना पूल आणखी ३० वर्षे टिकला, तर ती बचत मात्र कोणत्याही आकडेवारीत ठळकपणे दिसत नाही. या उद्योगाचे महत्त्व त्याच्या उलाढालीवरून कळत नाही, ते याच कारणामुळे.

भारतात या उद्योगाचे चित्र कसे आहे?

या क्षेत्रात दोन वेगवेगळी जगे आहेत. एक जग बड्या रंग कंपन्यांचे. कन्साई नेरोलॅकची सुरुवात १९२० मध्ये मुंबईत लोअर परळला झाली, तर एशियन पेंट्सची १९४२ मध्ये मुंबईतच. एशियन पेंट्सची २०२४-२५ मधील उलाढाल ३३ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. आदित्य बिर्ला समूहाच्या ग्रासिमने १० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा करून फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘बिर्ला ओपस’ बाजारात आणला. जेएसडब्ल्यू पेंट्सने जून २०२५ मध्ये ‘ड्युलक्स’ बनवणारी अक्झो नोबेल इंडिया ताब्यात घेण्याचा करार जाहीर केला. मात्र ही चुरस प्रामुख्याने घरांच्या भिंतींसाठी आहे. देशातील रंगांच्या बाजारपेठेचा साधारण तीन चतुर्थांश भाग घरगुती आणि शोभेच्या रंगांचा आहे. वाहने, यंत्रे, जहाजे, पूल आणि कारखान्यांसाठीच्या औद्योगिक लेपांचा वाटा उरलेला एक चतुर्थांश आहे.

दुसरे जग जॉबवर्कचे. भोसरी, चाकण, वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींत शेकडो छोटे कारखानदार मोठ्या कंपन्यांच्या किंवा त्यांच्या पुरवठादारांच्या सुट्या भागांवर प्लेटिंग, फॉस्फेटिंग, पावडर कोटिंग करून देतात. सायकलींचे लुधियाना, पितळी वस्तूंचे मुरादाबाद, कुलपांचे अलिगड या गावांची ओळख ज्या वस्तूंनी घडवली, त्या वस्तूंची चकाकीही अशाच छोट्या शेडमधून येते. येथे माल ग्राहकाचा असतो, कारखानदार फक्त प्रक्रियेचे पैसे घेतो, तेही किलोवर, नगावर किंवा चौरस इंचावर. त्यामुळे त्याच्या उलाढालीचा आकडा लहान दिसतो, पण त्याच्या टाक्यांतून जाणाऱ्या मालाची किंमत त्याच्या कितीतरी पट असते.

हा व्याप समजून घेण्यासाठी दुचाकीचे उदाहरण पुरेसे आहे. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक दुचाकी तयार होतात. बहुतेक दुचाकींच्या पुढच्या चाकाला दोन शॉक ॲब्सॉर्बर असतात आणि त्यांच्या नळ्यांवर टणक क्रोमचा थर असतो. म्हणजे वर्षाला सुमारे चार कोटी नळ्या झाल्या. त्यावर ओरखडा किंवा सूक्ष्म छिद्र राहिले, तर तेलाचे सील फाटते आणि गळती सुरू होते. हे झाले फक्त एका भागाचे. त्याच गाडीतील नटबोल्ट, ब्रेकचे भाग, सायलेन्सर, टाकी आणि सांगाडा यांवरही कोणता ना कोणता थर असतोच.

छोट्या कामावर मोठी साखळी का अडते?

पहिले कारण क्रमाचे. मुलामा ही बहुतेक वेळा शेवटची पायरी असते. तोपर्यंत त्या भागावर ओतकाम, यंत्रकाम, उष्णता प्रक्रिया असा सगळा खर्च झालेला असतो. काही रुपयांच्या प्लेटिंगमध्ये चूक झाली, तर काही शे रुपयांचा भाग भंगारात जातो आणि जुळणीची वेळ चुकते, ती वेगळीच.

दुसरे कारण तपासणीचे. प्लेटिंग, ॲनोडायझिंग, रंगकाम या कामांना अभियांत्रिकीत ‘विशेष प्रक्रिया’ मानले जाते. तयार भाग हातात घेऊन तो किती टिकेल, हे पूर्णपणे सांगता येत नाही. उदाहरणार्थ, उच्च ताकदीच्या बोल्टला विजेने जस्त देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. तो बाहेर काढण्यासाठी बोल्ट प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत साधारण २०० अंशांवर काही तास भाजावे लागतात. ही पायरी गाळली, तरी बोल्ट तितकाच चकचकीत दिसतो. तो तुटतो मात्र गाडीत बसवल्यावर, कधी काही तासांनी तर कधी काही दिवसांनी. थराचा टिकाऊपणा तपासण्यासाठी भाग पाच टक्के मिठाच्या धुक्यात ३५ अंशांवर शेकडो तास ठेवतात, पण ही चाचणी नमुन्याची असते, प्रत्येक नगाची नाही. म्हणूनच वाहन आणि विमान उद्योग मालाबरोबर प्रक्रियेचीही तपासणी करतात. टाकीचे तापमान, रसायनांचे प्रमाण, भट्टीच्या वेळेच्या नोंदी पाहूनच काम दिले जाते. विमानांच्या सुट्या भागांची निर्मिती भारतात वाढवायची असेल, तर अशा मान्यता असलेल्या प्रक्रिया केंद्रांची संख्या वाढणे ही पूर्वअट आहे.

कच्च्या मालासाठी आपण किती परावलंबी?

जस्ताच्या बाबतीत भारताची स्थिती भक्कम आहे. राजस्थानातील जावर येथे जस्ताची वाफ करून ते वेगळे करण्याची कला मध्ययुगातच अवगत होती. आज त्याच राज्यातील हिंदुस्थान झिंक ही जगातील मोठ्या जस्त उत्पादकांपैकी एक आहे. निकेलचे चित्र उलटे आहे. देशात निकेलच्या खाणी नाहीत, त्यामुळे आयातीशिवाय पर्याय नाही. गोव्यातील निकोमेट ही निकेल आणि कोबाल्टवर प्रक्रिया करणारी कंपनी वेदांत समूहाने डिसेंबर २०२१ मध्ये घेतली. त्यानंतर तीनच महिन्यांत, ८ मार्च २०२२ रोजी लंडन धातू बाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि व्यवहार थांबवावे लागले. वर्षभराचे दर ठरवून बसलेल्या जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराला असा धक्का ग्राहकाकडून वसूल करता येत नाही.

रंगांमध्ये पांढरेपणा आणि झाकण्याची क्षमता देणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचेही असेच आहे. त्यासाठी लागणारी खनिज वाळू केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुबलक आहे, केरळमध्ये त्याचे सरकारी कारखानेही आहेत. तरी मोठी गरज आयातीतून, विशेषतः चीनमधून भागते. रेझिन आणि सॉल्व्हंट खनिज तेलापासून येतात. त्यामुळे कच्च्या तेलाचा भाव आणि रुपयाचा विनिमय दर हे दोन्ही थेट रंगाच्या डब्यापर्यंत पोहोचतात.

पर्यावरणाची किंमत कोण मोजते?

गंजापासून वाचवणारा हा उद्योग स्वतः मात्र प्रदूषणकारी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत इलेक्ट्रोप्लेटिंगचा समावेश सर्वाधिक प्रदूषणकारी म्हणजे ‘लाल’ गटात होतो. क्रोम प्लेटिंगमध्ये वापरले जाणारे सहा संयुजेचे क्रोमियम (हेक्साव्हॅलंट) माणसात कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. टाकीवरच्या धुराने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला छिद्र पडणे, त्वचेवर न भरणाऱ्या जखमा होणे, हे या व्यवसायाचे जुने आजार आहेत. भारतीय नियमांनुसार सांडपाण्यात या क्रोमियमचे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. क्रोमियम एकदा जमिनीत मुरले की काय होते, हे तमिळनाडूतील राणीपेटने दाखवले आहे. तेथील क्रोमेट रसायनांचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला, पण मागे राहिलेल्या लाखो टन कचऱ्याने भूजल बिघडवले.

नियम पाळायचे, तर सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणा हवी, त्यासाठी रसायने, वीज आणि जाणकार माणूस हवा. उरलेला गाळ रांजणगाव किंवा तळोजासारख्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रांत पैसे देऊन पाठवावा लागतो. दोन-तीन टाक्यांच्या शेडला हा खर्च जड जातो. मग रात्री नाल्यात पाणी सोडण्याचा मोह होतो आणि जो खर्च कारखानदाराने, पर्यायाने त्याच्या ग्राहकाने करायचा, तो नदीकाठच्या गावांवर आणि महापालिकांवर येऊन पडतो. शिवाय प्रामाणिकपणे प्रक्रिया करणाऱ्याचा दर जास्त येतो आणि काम नाल्यात पाणी सोडणाऱ्याला मिळते. लुधियानात प्लेटिंग कारखान्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले, ते यावरचाच तोडगा म्हणून.

बाहेरूनही दबाव वाढतो आहे. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांमध्ये आणि २००७ पासून वाहनांमध्ये सहा संयुजेच्या क्रोमियमवर मर्यादा आणल्या. २०१७ पासून क्रोमिक आम्ल वापरण्यासाठी तेथे परवानगी लागते. परिणामी नटबोल्टवरील पिवळसर लेपाच्या जागी कमी घातक, तीन संयुजेच्या क्रोमियमचा लेप आला. तो निर्यातदारांच्या पुरवठा साखळीतून भारतातील छोट्या कारखान्यांपर्यंतही पोहोचला. टणक क्रोमला मात्र अजून तितका स्वस्त आणि सर्वत्र चालणारा पर्याय मिळालेला नाही.

स्वस्त निविदा महाग कशी पडते?

टिकाऊपणाचे गणित फार अवघड नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मध्यम प्रदूषित शहरी हवेत जस्ताचा थर वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतो. खाऱ्या वाऱ्याच्या तीव्र गंजकारक पट्ट्यात तो ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतो. म्हणजे ८५ मायक्रॉनचा तोच थर देशावरच्या शहरात ४० वर्षे किंवा त्याहून जास्त टिकेल, पण समुद्राला लागून १० ते २० वर्षांतच संपेल. दोन्ही ठिकाणी एकच मानक तपशील लावून काढलेली निविदा किनाऱ्यावर तोट्याचीच ठरणार.

दुसरा मुद्दा पूर्वतयारीचा. लेप अकाली सुटण्याचे सर्वात नेहमीचे कारण खराब रंग हे नसून नीट साफ न केलेला पृष्ठभाग हे असते. पोलादावर खडीचा मारा करून ते स्वच्छ करावे लागते. त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त असेल, तेव्हाच रंग द्यायचा असतो. कोकणातील दमट हवेत हे पाळायचे, तर कामाचे तास कमी होतात आणि खर्च वाढतो. प्रत्यक्षात मात्र अनेक कामांत वायर ब्रश फिरवून प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात दिले, की काम पूर्ण झाल्याची नोंद होते. पहिल्या दिवशी दोन्ही कामे सारखीच दिसतात. फरक दिसतो तो दोष दायित्वाचा कालावधी संपल्यावर.

देखभालीचे महत्त्व कोलकात्याच्या हावडा पुलाने वेगळ्याच प्रकारे दाखवले. लोकांनी मारलेल्या पानाच्या पिचकाऱ्यांमुळे पुलाच्या आधारांच्या तळाशी असलेल्या पोलादी आवरणाची जाडी २००७ ते २०११ या काळात सहा मिलिमीटरवरून जवळपास निम्म्यावर आली. अखेर त्यावर फायबर ग्लासची आवरणे बसवावी लागली. हे वेळीच कळले, कारण कुणीतरी जाडी मोजत होते.

पुढे काय?

राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. २०२४ मध्ये देशात सुमारे १५ कोटी टन कच्चे पोलाद तयार झाले. हे वाढीव पोलाद किनारी रस्त्यांत, सागरी सेतूंत, बंदरांत, सौरऊर्जा प्रकल्पांच्या सांगाड्यांत जाणार आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १०० वर्षांच्या आयुर्मानासाठी बांधला आहे. तेवढे आयुष्य त्याला मिळेल की नाही, हे त्याच्या पोलादी भागांवरील लेपाची तपासणी आणि दुरुस्ती दरवर्षी कशी होते, यावरही अवलंबून राहील.

संशोधनाची बाजू अगदीच लंगडी नाही. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ पासून केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्था याच विषयावर काम करते आहे. अडचण ज्ञानाची कमी आणि खरेदीच्या पद्धतीची अधिक आहे. निविदेत बांधकामाचा पहिला खर्च न पाहता संपूर्ण आयुष्याचा खर्च पाहणे, किनारी भागासाठी वेगळे मानक सक्तीचे करणे, छोट्या प्लेटिंग कारखान्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारणे, हे उपाय नवे नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची करवजावट मिळत नाही, ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली आहे. तिची अंमलबजावणी नीट झाली, तर जॉबवर्क करणाऱ्याच्या हातात प्रक्रियेवर खर्च करायला वेळेवर पैसे येतील. तोवर लेपावर वाचवलेला रुपया दुरुस्तीत, नदीच्या सफाईत किंवा मोरबीसारख्या दुर्घटनेत कितीतरी पटीने मोजावा लागणार आहे आणि तो मोजणारा बहुतेक वेळा निविदा काढणारा नसतो.